जुना कौन्सिल हॉल लोकांसाठी उघडा

मुंबईत गेटवे बघायला निघालेला माणूस रीगल सिनेमाच्या चौकात आला की त्याचं लक्ष समुद्राकडे लागलेलं असतं. चौकातच एक मोठी दगडी इमारत आहे, तिच्याकडे फारसं कुणी मान वर करून बघत नाही. बघितलं तर दिसेल, माथ्याच्या त्रिकोणात समुद्रदेव नेपच्यून कोरलेला आहे आणि त्याच्या भोवती जलपऱ्या, समुद्री घोडे. खाली फाटकावर पोलिसांचा पहारा. आज हे महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे. मुळात ही इमारत खलाशांच्या निवासासाठी बांधली गेली, एकोणिसाव्या शतकात, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुकाराच्या हातून. १९२८ साली सरकारने ती कायदेमंडळासाठी घेतली. १९८१ साली नरिमन पॉइंटला नवं विधानभवन झालं, तोपर्यंत मुंबईत आपलं कायदेमंडळ इथेच भरत होतं. जुनी माणसं तिला अजून कौन्सिल हॉल म्हणतात.

माझी मागणी एवढीच आहे की या इमारतीत कायदेमंडळ जिथे बसत असे, ती जागा लोकांना आत जाऊन बघता यावी. रोज नको. आठवड्याचा एखादा दिवस, ठरलेल्या वेळी, नाव नोंदवून. आणि येणाऱ्या माणसाला तिथे काय घडलं ते त्याच्या भाषेत, त्याच्या गावाशी जोडून सांगितलं जावं. पर्यटन विभाग, पोलीस खातं आणि विधिमंडळ यांनी एकत्र बसून ठरवलं तर हे अशक्य नाही.

मी तळ्याचा. रायगड जिल्ह्यातल्या या लहान तालुक्याच्या गावी तहसील कचेरीच्या आवारात माझं टेबल असतं. दस्तलेखकाचं काम. वारसनोंदीचे अर्ज, हक्कसोडपत्रं, प्रतिज्ञापत्रं, सातबारावरच्या चुका दुरुस्त करायचे अर्ज, दाखल्यांसाठीचे कागद. आमचं निम्मं गाव मुंबईत, त्यामुळे गणपतीत आणि मे महिन्यात माझ्या टेबलापुढे रांग लागते. कायदा एका टोकाला सभागृहात होतो. तो दुसऱ्या टोकाला, माणसाच्या घरात आणि शेतात, कसा येऊन पोचतो ते मी रोज बघतो. म्हणून या विषयावर लिहायचा मला अधिकार आहे असं मी समजतो.

मध्यंतरी नालासोपाऱ्याला राहणारा एक तरुण आजोबांच्या जमिनीचे कागद घेऊन आला. सातबारावर इतर हक्कात कुळकायदा कलम ४३ चा शेरा होता. तो वैतागून म्हणाला, "काका, हे काय लचांड आहे? यामुळे गिऱ्हाईक मागे फिरलं." मी त्याला म्हटलं, आधी जुन्या फेरफाराची नक्कल काढ, मग बोलू. नक्कल आली. तलाठ्याचं तिरकं, टाकाने लिहिलेलं अक्षर. मजकूर चार ओळींचा. शेतजमीन न्यायाधिकरणाने कलम ३२ ग प्रमाणे किंमत ठरवली, कुळाने हप्ते भरले, ३२ म चं प्रमाणपत्र मिळालं, सबब कुळाचं नाव कब्जेदार सदरी दाखल केलं. खाली 'नोंद मंजूर' आणि सही.

मी त्याला ती नक्कल वाचून दाखवली आणि सांगितलं, "हे लचांड नाही रे बाबा. या चार ओळींच्या आधी तुझ्या घराण्याचं नाव या जमिनीवर मालक म्हणून कधी नव्हतं. पणजोबा कसत होते, आजोबा कसत होते, पण कागदावर जमीन दुसऱ्याची. कलम ४३ चं बंधन घातलं ते यासाठी, की मिळालेली जमीन कुणी दोन वर्षांत फसवून परत काढून घेऊ नये." विक्रीची वाटही त्याला सांगितली. २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकारणीच्या ४० पट नजराणा भरून ते बंधन उठतं. आकारणी इतकी कमी असते की ही रक्कम फार मोठी होत नाही. त्याचा चेहरा खुलला. मग त्याने विचारलं, "पण काका, हा कायदा केला कुणी?"

मी त्याला रीगलच्या चौकातल्या त्या इमारतीबद्दल सांगितलं. तो फोर्टात कामाला. त्या चौकातून त्याचं नेहमी जाणं-येणं. पोलिसांची इमारत यापलीकडे त्याला तिच्याबद्दल काही माहीत नव्हतं, आणि यात त्याचा दोष नाही. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आमच्या भागातल्या माणसाला त्या इमारतीशी जोडणारी गोष्ट आहे खोतीची. खोत म्हणजे गावचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी घेतलेला माणूस. सरकारला ठरलेली रक्कम पोचवली की कुळांकडून किती घ्यायचं, हे बऱ्याच अंशी त्याच्या हातात. भात खळ्यावर आलं की अर्धा वाटा त्याचा, कुठे त्याहून जास्त. शिवाय वेठ. खोताच्या शेतावर फुकट राबायचं, त्याच्या घरचं लाकूडफाटा-गवत पोचवायचं. कुळाकडे कागद नाही, म्हणून दाद मागायला जागा नाही. अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सलग वर्षं जमिनी न कसण्याचा संप केला, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली. घरात धान्याचा दाणा नसताना शेत पडीक ठेवायचं. शेतकऱ्याला यापेक्षा कठीण गोष्ट नाही.

१७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं. आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातून आणि इतर जिल्ह्यांतून आलेले हजारो शेतकरी मोर्चा घेऊन कौन्सिल हॉलवर गेले. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. पंतप्रधान बाळासाहेब खेरांना शिष्टमंडळ भेटलं, त्यात बाबासाहेब होते. कोकणातली माणसं त्या काळात मुंबईला जायची ती बहुतेक बोटीने. भाताची झोडणी आटोपून, गाठोड्यात भाकरी बांधून, आयुष्यात पहिल्यांदा मुंबई बघणारी माणसं त्या मोर्चात असणार. ती गेटवे बघायला आली नव्हती. आपल्या जमिनीचा कायदा जिथे होणार, ती इमारत बघायला आली होती.

ते विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. १९३९ साली मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि विषय मागे पडला. पण तो संपला नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ ला, ज्याला कायद्यात कृषक दिन म्हटलं आहे, कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. माझ्या टेबलावर येणाऱ्या त्या चार ओळींच्या फेरफाराची पाळंमुळं ही अशी आहेत. रस्त्यावरचा मोर्चा, सभागृहातलं भाषण, मग कायदा, मग न्यायाधिकरण, मग तलाठ्याची वही. यातला शेवटचा कागद आमच्या घराघरात आहे. पहिली दोन पानं मुंबईत आहेत आणि ती आम्हाला दाखवली जात नाहीत.

कौन्सिल हॉलमध्ये फक्त आमचीच गोष्ट घडली असंही नाही. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेले लोक याच सभागृहाकडे चालले होते, आणि फ्लोरा फाउंटनला त्यांच्यावर गोळ्या चालल्या. आज तिथे हुतात्मा चौक आहे, स्मारक आहे, लोक हात जोडतात. पण ते लोक जात कुठे होते, हा प्रश्न स्मारकापाशी उभ्या असलेल्या मुलाला पडला तर त्याला बोटाने दाखवायला पुढची इमारत उघडी हवी ना? १ मे १९६० ला राज्य झालं आणि नव्या महाराष्ट्राची विधानसभा याच ठिकाणी बसली. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या उभ्या करणारा १९६१ चा कायदा यशवंतराव चव्हाणांच्या काळात इथल्याच विधिमंडळाने केला. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. ती कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. मागेल त्याला काम देण्याची जबाबदारी सरकारने कायद्याने स्वीकारायची, हे देशात प्रथम महाराष्ट्राने केलं. पुढे २००५ साली संसदेने साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. तळ्याच्या आदिवासी वाड्यांतली माणसं रोजगार हमीच्या कामाचा अर्ज घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा मला या दोन्ही सभागृहांची आठवण होते.

दिल्लीचं ते दुसरं सभागृह मी बघितलेलं आहे. संसदेचा कारभार २०२३ साली नव्या इमारतीत गेला आणि जुन्या गोल इमारतीला संविधान सदन हे नाव मिळालं. त्याच्या आधी, अधिवेशन चालू नसताना, खासदारांच्या शिफारसपत्रावर पास काढून आम्ही तळा-रोह्याची काही माणसं गेलो होतो. बरोबर रोह्याचे एक निवृत्त शिक्षक होते, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. मोबाइल, पिशव्या सगळं बाहेर जमा केलं. रिकाम्या हाताने आत गेल्यामुळे की काय, डोळे जास्त काम करू लागले. बाहेरच्या गोल ओसरीचे १४४ खांब. मध्यवर्ती सभागृहाचा उंच घुमट, आणि घुमट फार उंच म्हणून जमिनीतून वर आलेले उलटे पंखे. भिंतींवर मोठमोठी तैलचित्रं. त्यांत टिळकांचं चित्र दिसल्यावर आमच्यातल्या एका काकूंनी नकळत डोक्यावरून पदर घेतला.

पण खांब आणि पंखे बघून माणूस जसा आत गेला तसाच बाहेर येतो. आम्ही तसे आलो नाही, कारण गुरुजी बरोबर होते. मध्यवर्ती सभागृहात त्यांनी आम्हाला हळू आवाजात सांगितलं, की संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला इथे झाली. ही खोली आधी ग्रंथालयाची होती, तिचं सभागृह केलं गेलं. २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं गेलं तेही इथेच. मग म्हणाले, "या इमारतीचं उद्घाटन झालं १८ जानेवारी १९२७ ला. व्हाइसरॉय आयर्विनने केलं. आणि दोन महिन्यांनी, २० मार्चला, आपल्या महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं. सरकार दिल्लीत इमारत बांधत होतं आणि माणसं महाडला स्वतःच्या हक्काचं पाणी पीत होती. दोन्ही एकाच वर्षी." आम्ही तिथे उभे असताना मला पहिल्यांदा वाटलं की ही इमारत आपल्या जिल्ह्यापासून लांब नाही.

गुरुजींनी आणखी एक दुवा जोडला. महाडचं तळं सर्वांना खुलं करण्याचा आधार होता तो रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली मांडलेल्या ठरावाचा. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने तो मान्य केला, पण तळ्याचं पाणी प्रत्यक्षात मिळेना. मग माणसांना चालत जाऊन ते घ्यावं लागलं. कायदा आणि माणसं यांचं नातं काय असतं, हे यापेक्षा स्पष्ट कुठल्या पुस्तकात मला वाचायला मिळालेलं नाही. सभागृहात हक्क लिहिला जातो, आणि तो वापरायला माणसाला स्वतःच्या पायांनी जावं लागतं.

लोकसभेच्या सभागृहात, हिरव्या गालिच्याच्या त्या अर्धगोल बाकांकडे बघत आम्ही उभे होतो तेव्हा गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चिंतामणराव इथे बोलले." चिंतामणराव म्हणजे सी. डी. देशमुख. महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले, रोह्यात वाढलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत आमच्या कुलाबा जिल्ह्याने, म्हणजे आताच्या रायगडने, त्यांना लोकसभेत पाठवलं होतं. जुलै १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवून केंद्राच्या ताब्यात देण्याच्या निर्णयाला विरोध म्हणून त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि लोकसभेत उभं राहून त्याची कारणं सांगितली. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई संविधान सभेच्या सदस्य होत्या. म्हणजे आमच्या एका खेड्यातला मुलगा आणि ज्या आमच्या भागाच्या सूनबाई झाल्या त्या दुर्गाबाई, दोघांचाही आवाज त्या एका इमारतीत उमटला. हे ऐकल्यावर आमच्यातला प्रत्येक माणूस त्या रिकाम्या बाकांकडे वेगळ्या नजरेने बघू लागला. बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर बोलणं झालं ते सगळं देशमुखांवर. खांबांवर एक शब्द नाही.

माझ्या मागणीचं मूळ या अनुभवात आहे. ऐतिहासिक सभागृह बघायला गेलेल्या माणसाला तिथे स्वतःचं काहीतरी सापडलं पाहिजे. नुसती भव्यता दाखवली तर तो दबून जातो, आणि दबलेला माणूस पाहुणाच राहतो. त्याला तिथे आपल्या जिल्ह्याचा माणूस, आपल्या जमिनीचा कायदा, आपल्या पाण्याचा ठराव दाखवला तर तो ताठ मानेने बाहेर येतो आणि पुढच्या वेळी तहसील कचेरीत साहेबांपुढे बोलताना त्याचा आवाज कापत नाही. हे मी रोज बघतो. हक्क माहीत असलेला माणूस आणि माहीत नसलेला माणूस, माझ्या टेबलापुढे उभे राहतात तेव्हाच ओळखू येतात.

दिल्लीला जाणं आमच्या लोकांना परवडत नाही. रेल्वेचं भाडं, राहणं, मजुरी बुडणं. मुंबई जवळ आहे. इंदापूरला महामार्ग लागला की एसटी थेट नेऊन सोडते, आणि प्रत्येक घराचं कुणी ना कुणी तिथे आहेच. शाळांच्या सहली आमच्याकडून रायगडला जातात, मुरुड-जंजिऱ्याला जातात, मुंबईत आल्या तर राणीची बाग, संग्रहालय, गेटवे करून परततात. हे संग्रहालय त्याच चौकात आहे. मुलं कौन्सिल हॉलला वळसा घालून जातात आणि आपल्या पणजोबांनी तिथवर चालत येऊन काय मागितलं होतं, हे त्यांना कळत नाही.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा येईल आणि तो खरा आहे. राज्याच्या पोलिसांचं मुख्यालय आहे, तिथे कुणालाही कधीही सोडता येणार नाही. पण मार्ग आहेत. मुंबई महापालिकेचं मुख्यालयही याच स्टीव्हन्सने बांधलं, तिथेही रोज कामकाज चालतं, आणि २०२१ पासून सुट्टीच्या दिवशी तिथे लोकांना मार्गदर्शकाबरोबर आत नेऊन इमारत दाखवण्याची सोय झाली. राष्ट्रपती भवन नोंदणी करून बघता येतं, आणि तिथे तर राष्ट्रपती राहतात. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला, नऊ जणांनी प्राण दिले. त्यानंतरही संसदेने सामान्य माणसाला कायमचं दाराबाहेर ठेवलं नाही. तपासणी कडक केली आणि दार उघडं ठेवलं. आपले पोलीस हे अधिक चांगलं करू शकतील. सुट्टीच्या दिवशी, कार्यालयं बंद असताना, ओळखपत्र बघून, लहान गट आत सोडायचे. पोलिसांनाही यातून काही मिळेल. मोर्चाचा बंदोबस्त करणाऱ्या शिपायालाही कळेल की आपण ज्या इमारतीत नोकरी करतो तिथे एक मोर्चा आला होता आणि त्याच्या मागणीने पुढे कोकणाचा कायदा बदलला.

दुसरा आक्षेप असा, की लोकांना यात रस नसतो. गोव्याचं उदाहरण बघा. पणजीच्या मांडवीकाठच्या आदिलशहाच्या वाड्यात २००० सालापर्यंत गोव्याची विधानसभा भरत असे. विधानसभा पर्वरीला गेली, आणि तो वाडा आता प्रदर्शनांसाठी वापरला जातो. माणसं आत जातात, जुन्या लाकडी जिन्यावरून वर चढतात. लंडनच्या पार्लमेंटमध्ये शनिवारी तिकीट काढून जाता येतं, जगभरातले लोक रांग लावतात आणि त्यांत आपले मराठी पर्यटकही असतात. परक्यांचं सभागृह पैसे देऊन बघणारा माणूस स्वतःचं सभागृह बघणार नाही, हे मला पटत नाही. त्याला दारापर्यंत न्यावं तर लागेल.

तिथे काय दाखवावं, याबद्दलही मला सांगायचं आहे. आमच्या तळा तालुक्यात कुड्याची लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, २६ लेण्यांचा समूह. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. महाभोजांची, म्हणजे त्या काळच्या इथल्या सत्ताधाऱ्यांची आहेत, तशी व्यापाऱ्यांची आहेत, माळ्याचंही आहे. एका लेखात महाभोज मांदव खंदपालिताच्या सेवेत असलेल्या शिवभूती नावाच्या लेखकाचा आणि त्याच्या धाकट्या भावाचा उल्लेख येतो. शिवभूती हा लिहिण्याच्या नोकरीतला माणूस, म्हणजे माझ्याच कामातला. ते समजल्या दिवसापासून कुडं माझ्यासाठी नुसती लेणी राहिली नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर माळ्याचं आणि लेखनिकाचं नाव कोरावं असं ज्यांना वाटलं, त्यांच्या मुलखातल्या सभागृहात फक्त गव्हर्नर आणि मुख्यमंत्री यांचीच नावं लावायची हे बरोबर होणार नाही.

म्हणून कौन्सिल हॉलचं दार उघडलं तर आत जिल्ह्याजिल्ह्यांची भिंत असावी. कुलाबा-रत्नागिरीच्या भिंतीवर खोतीचं विधेयक, १९३८ चा मोर्चा आणि एका कुळाचा खराखुरा फेरफार मोठा करून लावलेला. ठाण्याच्या भिंतीवर डहाणू-तलासरीच्या वारल्यांनी १९४५ पासून वेठीविरुद्ध केलेला लढा आणि गोदावरी परुळेकर. दुष्काळी जिल्ह्यांच्या भिंतीवर रोजगार हमी, पागे आणि खडी फोडणाऱ्या बाया. विधिमंडळाच्या कामकाजाचे छापील खंड आहेतच. त्यांतली त्या त्या दिवसाची भाषणं, मंजूर झालेल्या कायद्याच्या बाजूने केलेली आणि विरोधात केलेलीही, येणाऱ्याला तिथे बसून वाचता यावीत. विरोधातली तर हवीतच. खोतीच्या बाजूने काय बोललं गेलं, हे वाचल्याशिवाय ती मोडायला काय लागलं ते कळत नाही.

शाळांसाठी प्रवासखर्चाची तरतूद असावी, निदान दूरच्या तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांसाठी. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात विधिमंडळावर धडा आहे. मुलं तो पाठ करतात, सभासदसंख्या लिहितात, गुण मिळवतात. एक दिवस त्या बाकावर बसून, आपल्या गावच्या एखाद्या प्रश्नावर दोन मिनिटं बोलून आलेला मुलगा तो धडा जन्मभर विसरणार नाही. आणि शेजारच्या बाकावरून दुसऱ्या मुलाने त्याला विरोध केला तर अधिकच बरं.

हे करायला योग्य काळही आहे. १८ जानेवारी २०२७ ला दिल्लीच्या गोल इमारतीला शंभर वर्षं होतात. २० मार्च २०२७ ला महाडच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतात. आणि कौन्सिल हॉल कायदेमंडळाकडे आला त्याला २०२८ साली शंभर वर्षं होतात. दिल्लीच्या इमारतीचा सोहळा होईल, महाडला लाखो लोक जमतील. या दोन्हींना जोडणारी मधली इमारत मुंबईत आहे. तिची शताब्दी तिच्या दारावर फुलांचं तोरण लावून साजरी होणार नाही, ती दार उघडूनच होईल.

हा निर्णय मंत्रालयात आणि विधिमंडळात व्हायचा आहे, आणि तो आपोआप होणार नाही. खोतीचा कायदाही आपोआप झाला नव्हता. आमदारांकडे, विधानसभेच्या अध्यक्षांकडे, परिषदेच्या सभापतींकडे आणि पर्यटनमंत्र्यांकडे लोकांचे अर्ज गेले पाहिजेत. रायगडातल्या, ठाण्यातल्या, रत्नागिरीतल्या ज्यांच्या घरात ३२ म चं प्रमाणपत्र आहे, त्यांनी तर जरूर करावेत. अर्ज कसा लिहायचा ते ज्यांना माहीत नाही त्यांनी तळ्याला तहसील कचेरीत यावं, कामाच्या कुठल्याही दिवशी. कागद माझा, मजकूर मी लिहीन, पैसे घेणार नाही. सही मात्र ज्याची त्याने स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या गावाने करायची.